एकपासून मोजणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची पट्टी आहे आणि माझ्यात शून्य नाही. हसू नका. तीसपर्यंतचे आकडे आहेत, मधल्या बारीक रेघा आहेत, खिळ्याला अडकवायला एका टोकाला भोकही आहे. फक्त माझी सुरुवात एकपासून होते. असं का, ते सांगणारच आहे. पण मध्ये बोलायचं नाही. मला मध्ये बोललेलं खपत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका मोठ्या पत्र्यातून आम्हा शंभर बहिणींना धडाधड कापलं, रेघा कोरल्या, त्यांत काळा रंग भरला. शेवटी एक चष्मेवाल्या बाई प्रत्येकीला हातात घेऊन एका जाड, गंभीर पट्टीशेजारी ठेवून बघायच्या. केसाएवढी चूक निघाली तरी भंगाराच्या पेटीत ठण्ण! मी पास झाले. आयुष्यातली एकमेव परीक्षा दिली आणि तीत पहिल्या फटक्यात सुटले.

तिथून मी गेले नकाशे काढणाऱ्या ऑफिसात. माझे साहेब म्हणजे बाबा. सगळं घर त्यांना बाबा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं होते. पूल, टाक्या, जिने, काय काय काढलं आम्ही! बाबा रेघ मारताना श्वास रोखायचे. रेघ संपली की सोडायचे. शेजारचा म्हणायचा, "अहो, एवढं दमायला काय डोंगर चढताय?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "तुझी रेघ बघ, मग बोल."

त्या दिवसांत मला रोज मऊ फडक्यानं पुसायचे. मोठे साहेब आले की बाबांच्या नकाशावर मला ठेवून बघायचे आणि "वा" म्हणायचे. खरं तर ते वा बाबांसाठी असायचं, पण अर्धं मी ठेवून घ्यायचे.

मग कॉम्प्युटर आले. कोणी भांडलं नाही, काही नाही. एका सोमवारी टेबलंच उचलून नेली. बाबा मला पिशवीत घालून घरी घेऊन आले आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात पडले, बाटल्यांची झाकणं, तुटकी चावी आणि वाळलेल्या बॉलपेनांबरोबर. मित्रांनो, मी काय काय केलंय विचारू नका. पलंगाखालचा चेंडू काढलाय. बाबांची पाठ खाजवलीय. त्यांच्या थोरल्या मुलीनं मला तलवार म्हणून धाकटीच्या अंगावर उगारलंय. (पट्टीनं मारणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. आम्ही मोजायला जन्मलोय, मारायला नाही.) आणि एकदा घराला रंग द्यायला मामा आले. त्यांना डब्याचं झाकण निघेना. त्यांनी माझं टोक झाकणाखाली घातलं आणि वरून हातोडी मारली.

टोक वाकलं ते वाकलंच. बाबांनी बघितलं. मामांना एक शब्द बोलले नाहीत, पण पंधरा दिवस त्यांना चहाही विचारला नाही. मग करवत आणली, बरोबर एकच्या रेघेवर मला कापलं, कानशीनं घासून धार काढून टाकली. "आता एकपासून धरायचं," म्हणाले. झालं. माझं शून्य गेलं ते असं.

बाबांना त्याचा काही त्रास नव्हता. ते घरात फळी ठोकायचे, तेव्हा भिंत माझ्यानं मोजायची, माझ्यावर दिसेल तो आकडा लिहायचा, आणि फळीही माझ्यानंच त्याच आकड्यापर्यंत कापायची. मोजायलाही मी, कापायलाही मी. चूक होणार कुठून? हे नीट लक्षात ठेवा. पुढं याच्यावरच सगळं फाटणार आहे.

आता धाकटी. हीच माझी खरी मालकीण. थोरली लग्न होऊन गेली, धाकटी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. नाव लिहून घ्या, पुढच्या खुर्चीवर बसा, डोळ्यात थेंब घातलेत, उघडू नका. सात वर्षं हेच. पण तिचा खरा जीव कशात होता सांगू? खोक्यांत. लहानपणापासून घरात टूथपेस्टचं खोकं आलं की पेस्ट राहायची बाजूला, ही खोकं उलगडून सपाट करून बघत बसायची. कुठं घडी, कुठं जीभ, कुठं खाच. गोंद न लावता कसं बंद होतं. औषधाची, बल्बची, चपलांची, कसलीही खोकी. आई वैतागायची, "अगं, गोळ्या कुठं ओतल्यास? आता कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची?"

मग एकदा खालच्या मजल्यावरच्या मावशी, घरी साबण करणाऱ्या, त्यांचा साबण जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून विकत होत्या. धाकटी म्हणाली, "मावशी, हे काय! एवढा छान साबण आणि अंगावर कालच्या बातम्या?" तिनं मला खणातून बाहेर काढलं, पुसलं, आणि पुठ्ठ्यावर ठेवलं. किती वर्षांनी! माझ्या कडेनं पेन्सिल गेली आणि मला एकदम तरुण वाटलं.

तिची पद्धत सांगते. आधी पेन्सिलची रेघ. मग जिथं घडी हवी तिथं शाई संपलेलं बॉलपेन दाबून ओढायचं, म्हणजे पुठ्ठा तुटत नाही, नुसता ऐकतो. मग कटर. आणि माप वहीत लिहायचं ते खरं. गिऱ्हाईक खरंच माप सांगतं ना, त्याला काय माहीत आमच्या पट्टीला शून्य नाही. म्हणून वहीत खरं माप आणि पट्टीवर एक जास्त. वहीत सहा, तर माझ्यावर सातपाशी खूण. एकदाही चुकली नाही.

साबणाचं खोकं फुलासारखं उघडायचं. मावशींच्या गिऱ्हाइकांनी साबण संपवला तरी खोकं टाकलं नाही. मग केकवाली आली, मेणबत्तीवाली आली, कानातल्यांवाली आली. धाकटी पहाटे उठून साडेआठपर्यंत घड्या घालायची आणि बोटांना चिकटलेला गोंद खरवडत दवाखान्यात जायची. दवाखान्यातून आली की परत घड्या.

हे किती दिवस चालणार? एका रविवारी जेवताना तिनं सांगून टाकलं. "मी नोकरी सोडणारेय. पूर्णवेळ हेच करणार."

बाबांचा घास हातातच राहिला. "खोकी? नोकरी सोडून खोकी?"

"हो."

"आतला माल काढला की माणूस खोकं फेकून देतो. फेकायच्या वस्तूचा धंदा करणार तू?"

"तुमचे नकाशे काय, लोक भिंतीला लावत होते?" धाकटी म्हणाली. तिचं डोकं पटकन तापतं. म्हणून तर मला ती आवडते.

आई म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर रेघा मारल्यात, ती घड्या घालते. फरक काय तो सांगा. आणि आधी तो घास खा, भात गार होतोय."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई फटकळ, पण मनानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस सुट्टी घे. तुझी खुर्ची ठेवते. जमलं तर कळव, नाही तर सोळाव्या दिवशी नऊ वाजता काउंटरवर. त्यानंतर मात्र मी दुसरी बसवणार." म्हणजे पंधरा दिवसांत कळणार होतं की धाकटी खोक्यांची होणार की परत डोळ्यांत थेंब घालून घेणाऱ्यांची नावं लिहिणार.

आणि काम हातात आलंही. गावाबाहेर एक कप बनवणारे होते. रागीट, हात कोपरापर्यंत मातीत. त्यांना सगळे भट्टीकाका म्हणायचे. त्यांचे कप सुंदर, पण दुकानापर्यंत जाईतो दर खेपेला थोडे फुटायचे. त्यांनी चारशे खोकी सांगितली. पंधराव्या दिवशी माल दुकानात पोचायला हवा होता. "पण नमुन्याचा कप मी देणार नाही," म्हणाले. "एकच निघालाय मनासारखा. माप घ्यायचं तर इथं येऊन घ्या."

धाकटी पुठ्ठा आणायला जाणार होती. तेवढ्यात बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "माप मी घेऊन येतो."

महिनाभर ज्या माणसानं खोक्यांकडे बघितलं नव्हतं, तो माणूस! आईनं डोळ्यांनीच धाकटीला खुणावलं, काही बोलू नकोस. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, मला आणि वहीला पिशवीत घातलं आणि निघाले. मित्रांनो, मी एवढी खूष झाले होते की पिशवीत नुसती खणखणत होते.

भट्टीजवळ बाबांनी कप फडक्यावर ठेवला. श्वास रोखला. मला उभं केलं. कप नऊचा होता, माझ्यावर दहा दिसले. बाबांनी वहीत लिहिलं: उंची दहा. मग कानापासून पलीकडच्या काठापर्यंत, बारा. माझ्यावर तेरा. त्यांनी लिहिलं: तेरा. काठाची रुंदीही तशीच लिहिली. त्यांच्या हिशेबी बरोबरच होतं. मोजायलाही मी, कापायलाही मी. नेहमीसारखं माझ्यावरचं लिहिलं आणि टापटीप अक्षराखाली दोन रेघा ओढल्या.

मला तेव्हाही काही कळलं नाही. कळलं घरी आल्यावर, जेव्हा धाकटीनं वही उघडली, दहा वाचलं, आणि नेहमीसारखी माझ्यावर अकरापाशी खूण केली.

अगं थांब! बाबांनी एक आधीच धरलाय! तू परत कशाला धरतेस? मी ओरडले असते. घसा असता तर फाटेपर्यंत ओरडले असते. मी टेबलावरून घसरून खाली पडून बघितलं. तिनं उचललं, पुसलं, परत अकरापाशी ठेवलं. एकानं न चुकायची काळजी घेतली, दुसरीनंही तीच घेतली, आणि दोघांच्या काळजीनं तिन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर वाढला. चारशे वेळा. बारा दिवस मी ते बघत पडले होते. माझ्याच कडेनं. माझं डोकं म्हणजे ते टोकाचं भोक, ते सुद्धा तापलं होतं.

तेराव्या दिवशी सकाळी भट्टीकाका पेंढा घातलेल्या पेट्या घेऊन आले. पुढच्या खोलीत खोक्यांची भिंतच उभी होती. गर्द निळी, कडेला बारीक पांढरी रेघ. खरंच देखणी. धाकटीनं पहिला कप खोक्यात ठेवला, झाकण लावलं, उचललं.

खड.

तिनं परत हलवलं. खड, खड.

दुसरं खोकं. खड.

धाकटीनं मला घेतलं, कप मोजला, वही बघितली. तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे दहा तुम्ही पट्टीवरचं लिहिलंत?"

"मग काय मनातलं लिहू?"

"मी त्याच्यात अजून एक धरला."

बाबा खाली बसले. एकोणीस वर्षांत मी त्या माणसाला चुकताना बघितलं नव्हतं. एकदम माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही पट्टीच टाकून द्यायला हवी होती. तेव्हाच."

मी! म्हणजे मी चुकले? रागानं मी वाकायचीच राहिले.

पण धाकटी म्हणाली, "पट्टीला का बोलता? ती जे आहे तेच दाखवत होती. आपण एकमेकांना विचारलं नाही."

भट्टीकाका घड्याळ बघत म्हणाले, "असू दे ना. वर्तमानपत्र कोंबा आणि द्या."

धाकटी उसळली. "कोंबायचंच होतं तर पेंढा काय वाईट होता? माझं नाव लागणार आहे याला. परवा सकाळपर्यंतची वेळ आहे ना? कप ठेवून जा इथं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी सोळाव्या दिवशी काउंटरवर. तुम्ही या डोळे तपासायला, पहिला नंबर देते."

भट्टीकाकांच्या मिशीत जरासं हसू आलं. ते गेले.

नवा पुठ्ठा आणायला वेळ नव्हता. जे होतं ते खोलीतच होतं: चारशे मोठी खोकी आणि ढीगभर कातरण, प्रत्येक खोक्यामागं उरलेला एकेक तुकडा. धाकटी कातरणात मांडी घालून बसली. कपाभोवती पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून बघितली, कप तिरका झाला. कोपऱ्यांत त्रिकोणी घड्या घातल्या, कानाशी अडलं. एक घडी, दोन घड्या, फाडलं, फेकलं. आईनं जेवायला हाक मारली ती तिला ऐकूच गेली नाही. बाबा गॅलरीत उभे, पाठ आत करून.

दुपारी तिनं कप हातात धरला आणि नुसती बघत राहिली. कप वर रुंद, खाली निमुळता. मग ती पुटपुटली, "याला बसवायचंच कशाला? टांगूया."

एक चौकोनी तुकडा. मधोमध गोल भोक, कानासाठी एक चीर. चारी कडा खाली दुमडून पाय. छोटं स्टूलच म्हणा ना. ते खोक्यात उतरवलं आणि भोकातून कप सोडला. कप अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. खाली अर्धा सेंटीमीटर हवा, वर अर्धा सेंटीमीटर हवा, बाजूंनाही हवा. वाढलेला तो एक सेंटीमीटर सगळीकडून कपाला सांभाळायला उभा राहिला.

तिनं खोकं हलवलं. काही नाही. कानाशी नेऊन हलवलं. काहीच नाही.

"बाबा!" ती ओरडली. "मला चारशे गोल हवेत. एकसारखे. कोण काढणार?"

बाबा वळले. आत आले. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून त्यांची जुनी कंपासपेटी काढली, फुंकर मारली. मला हातात घेतलं आणि मग, मित्रांनो, ते मोठ्यानं म्हणाले, "मी एकपासून धरतोय. पट्टीवरचं सात म्हणजे खरं सहा. लिहून घे, खरं सहा."

"खरं सहा," धाकटी म्हणाली.

"खरं सहा," आतून आईपण म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

बाबा गोल काढत होते, आई कापत होती, धाकटी घड्या घालत होती. पुढचा अख्खा दिवस. गप्पा काय रंगल्या होत्या! आई म्हणाली, "लग्नात यांनी रांगोळीचे ठिपके पट्टीनं मोजून दिले होते." बाबा म्हणाले, "म्हणून तर सरळ आले." श्वास रोखून गोल काढता काढता त्यांना हसू आलं आणि एक गोल वाकडा गेला. तो आईनं मुद्दाम बाजूला ठेवून दिला.

पंधराव्या दिवशी सकाळी भट्टीकाका आले. भरलेलं एक खोकं उचललं, दाराबाहेर गेले आणि जिन्यावरून सोडून दिलं. धड, धड, धड, बारा पायऱ्या! शेजारचे बाहेर आले. खालून मावशी ओरडल्या, "अरे, कोण पडलं?"

धाकटी जिन्याच्या कठड्याला घट्ट धरून उभी होती. मी तिच्याच हातात होते.

भट्टीकाका हळूहळू खाली उतरले. खोकं उघडलं. एक कोपरा चेपला होता. कप अख्खा. त्यांनी तो उन्हात फिरवून बघितला, मावशींकडून पाणी मागितलं, कपात ओतलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

"थेंब गळत नाही," म्हणाले. मग वर बघून, "हे असं मुद्दाम केलं होतंस का चुकून झालं?"

बाबा बोलायला पुढं झाले. धाकटीनं त्यांना अडवलं. "चुकून झालं. पण इथून पुढं मुद्दाम करणार."

भट्टीकाका मोठ्यानं हसले. "कर मग. बश्या, किटल्या, बरण्या, सगळ्यांची तूच कर. आणि माप घ्यायला यांनाच पाठव. कप हातात कसा धरायचा ते यांना कळतं."

बाबांचे कान लाल झाले. आईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, पुठ्ठ्याची धूळ फार.

चारशेच्या चारशे खोकी गेली. दुकानात एकही कप फुटला नाही. धाकटीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, मी सोळाव्या दिवशी येत नाहीये."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "तुझा खण उघडला मी. प्रत्येक पेशंटच्या कागदामागं खोकं काढून ठेवलंयस. तुझी खुर्ची चौथ्या दिवशीच दुसरीला दिली. फोन ठेव, गर्दी आहे."

धाकटीनं फोन ठेवला आणि खोलीभर नाचली. कातरण पायाखाली, मी हातात. एवढी वर्षं पूल काढले, टाक्या काढल्या, पण कोणी मला घेऊन नाचलं नव्हतं.

आता तिची स्वतःची खोली आहे, मुख्य रस्त्यावर, दारावर पाटी. लांब टेबल आहे, दोन मोठे कटर आहेत, कापणारं एक यंत्रही आलंय. नव्या कोऱ्या पट्ट्या आल्यात, शून्यासकट, फार चकाकतात आणि फार शहाणपणा करतात. मी भिंतीवर खिळ्याला असते. पण नवं खोकं पहिल्यांदा आखायचं असलं की धाकटी मलाच काढते आणि मोठ्यानं सांगते, "एकपासून धरतेय बरं का." खोलीत असेल नसेल तो प्रत्येकजण म्हणतो, "खरं किती?"

मित्रांनो, तुमच्या घरच्या खणातही माझ्यासारखं कोणीतरी पडलेलं असेल. टोक गेलेलं, गंजत चाललेलं. त्याच्यानं डबे उघडू नका, पाठ खाजवू नका, भावंडांना मारू नका. ओलं ठेवू नका. एकदा पुसून नीट बघा, त्याच्यात काय उरलंय आणि ते कुठून सुरू होतंय. आणि दोघं मिळून काम करत असाल तर आधी एकमेकांना सांगा, मी इथून धरलंय. लाजू नका. एवढं न सांगितल्यानं आमच्या घरात बारा दिवस जीव टांगणीला लागला होता, आणि तेही फक्त मला एकटीलाच माहीत होतं.

पहिल्या सोमवारी खोली उघडली त्या दिवशी बरोबर दहाला बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. धाकटीकडे न बघता टेबलाकडे बघत म्हणाले, "मी कुठं बसू?"

धाकटीनं खिडकीजवळची उजेडाची जागा दाखवली. ती जागा तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

आज नवीन बरणी आलीय, गळा वाकडा, पोट मोठं. सगळ्यांनी हात टेकलेत. बाबांनी श्वास रोखलाय आणि धाकटीनं मला खिळ्यावरून काढलंय. तेव्हा आता मला वेळ नाही. जाते.